क्लब कुणाचा? पुण्याचा पैसा आणि ब्लॅकबर्नचं मैदान



आजच्या व्याख्यानाची सुरुवात एका कोंबडीपासून करू या. ७ मे २०१२, सोमवारचा दिवस. इंग्लंडच्या उत्तरेला लँकेशायर परगण्यात ब्लॅकबर्न नावाचं गाव आहे. तिथल्या ईवूड पार्क मैदानावर ब्लॅकबर्न रोव्हर्स आणि विगन या दोन संघांचा सामना होता. तो हरला तर ब्लॅकबर्न प्रीमियर लीगमधून, म्हणजे इंग्लंडच्या सगळ्यांत वरच्या विभागातून, खाली जाणार होता. सामना सुरू होऊन थोडाच वेळ झाला असेल, तेवढ्यात प्रेक्षकांतून कुणीतरी एक जिवंत कोंबडी मैदानात सोडली. तिच्या अंगावर क्लबचा निळा-पांढरा झेंडा पांघरलेला. सामना थांबला, कोंबडीला धरून बाहेर नेलं, पुन्हा खेळ सुरू झाला. ब्लॅकबर्न एका गोलनं हरला आणि अकरा वर्षांनंतर खालच्या विभागात गेला.

आता कोंबडीच का? तर क्लबचे मालक होते पुण्याचे आणि त्यांचा धंदा कोंबड्यांचा. व्यंकटेश्वरा हॅचरीज, म्हणजे आपण दुकानात ज्यांचं चिकन ‘वेंकीज’ या नावानं बघतो, ते.

पुण्यातल्या बहुतेकांना ही बातमी त्या वेळी गमतीची वाटली. ब्लॅकबर्नमध्ये मात्र लोक रडत होते. एकाच घटनेकडे दोन गावांनी इतक्या वेगळ्या नजरेनं का पाहिलं, हा आजचा प्रश्न. मालकानं क्लबवर पैसा किती आणि कसा खर्च करावा, मॅनेजर कुणाला नेमावं, आणि चाहत्यांनी त्यात बोलावं की नाही, हा वाद फुटबॉलच्या जगात रोज चालतो. चहाच्या टपरीवर चालतो, पबमध्ये चालतो. आपल्याला तो वरवरचा वाटतो. पण त्याला सव्वाशे-दीडशे वर्षांचा इतिहास आहे, आणि ब्लॅकबर्नइतका तो नीट दाखवणारं दुसरं गाव सापडणं अवघड.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. इंग्लिश फुटबॉलमधला ‘मॅनेजर’ म्हणजे कचेरीतला व्यवस्थापक नव्हे. संघ निवडणं, सराव घेणं, कुठला खेळाडू विकत घ्यायचा आणि कुठला विकायचा हे ठरवणं, ही त्याची कामं. नाटक कंपनीत तालीममास्तर आणि दिग्दर्शक एकच असावा, तसं काहीसं. त्यामुळे मॅनेजर कोण, हा प्रश्न चाहत्यांसाठी पहिला असतो.

शंभर पौंडांची गोष्ट

ब्लॅकबर्न रोव्हर्सची स्थापना १८७५ सालची. सुखवस्तू घरातल्या तरुणांनी काढलेला क्लब. पण गावात त्या काळी आणखी एक क्लब होता, ब्लॅकबर्न ऑलिंपिक. त्याचे खेळाडू गिरणीत आणि लोखंडाच्या कारखान्यात काम करणारे. विणकर, सूतकताई करणारे, नळकाम करणारे असे. १८८३ साली या ऑलिंपिकनं एफए कपच्या अंतिम सामन्यात ओल्ड इटोनियन्सला, म्हणजे ईटन या बड्या घरांच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांना, २–१ असं हरवलं. कामगारांच्या संघानं हा कप जिंकण्याची ती पहिली वेळ.

हे कसं झालं? सिडनी येट्स नावाचे एक ओतशाळेचे मालक होते. त्यांनी शंभर पौंड दिले. त्या पैशातून खेळाडूंना कामावरून सुट्टी काढून ब्लॅकपूलला समुद्रकिनारी सरावाला नेलं गेलं. कामगार माणसाला आठवडाभर फक्त खेळाची तयारी करता यावी, ही त्या काळात केवढी चैन! लंडनच्या मंडळींनी नाकं मुरडली. पैसे घालून जिंकले, खेळ म्हणून खेळले नाहीत, अशी ती तक्रार. मंडळी, १८८३ सालची ही तक्रार आजही शब्दाचा फरक न करता ऐकू येते. फक्त क्लबांची नावं बदलतात.

पण गोष्ट इथे संपत नाही. १८८५ साली खेळाडूंना पगार देणं कायदेशीर झालं. रोव्हर्सकडे पैसा जास्त होता, ऑलिंपिककडे कमी. १८८४, ८५ आणि ८६ अशी तीन वर्षं ओळीनं कप रोव्हर्सनं जिंकला. १८८८ साली बारा क्लबांची फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हा ब्लॅकबर्नमधून घेतलं रोव्हर्सला. आणि १८८९ साली ऑलिंपिक बंद पडला. कप जिंकल्यावर अवघ्या सहा वर्षांत.

म्हणजे ब्लॅकबर्नच्या माणसाला आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळापासून दोन गोष्टी माहीत आहेत. पैशाशिवाय क्लब चालत नाही, ही एक. आणि पैसा देणारा हात आखडला की क्लब मरतो, ही दुसरी. पुढचा सगळा वाद या दोन गोष्टींच्या मधोमध उभा आहे.

धोतरांचं गाव

आता जरा आपल्याकडे येऊ या, कारण ब्लॅकबर्नचा आपल्याशी संबंध २०१० साली सुरू झाला नाही. तो फार जुना आहे. ब्लॅकबर्न हे विणकामाचं गाव, आणि तिथल्या मागांवर विणलं जाणारं कापड मोठ्या प्रमाणात हिंदुस्थानात यायचं. विशेषतः धोतरं. आपल्या पणजोबांच्या अंगावरचं मँचेस्टरचं म्हणून जे धोतर होतं, ते विणलेलं ब्लॅकबर्नला किंवा शेजारच्या डार्वेनला असण्याची शक्यता बरीच.

या पैशाचा आणि फुटबॉलचा संबंध सरळ आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रोव्हर्सचे अध्यक्ष होते लॉरेन्स कॉटन. आडनावही कॉटन आणि धंदाही कापडाचाच. गिरणीमालक माणूस. त्यांच्या काळात क्लबनं खेळाडूंवर सढळ हातानं खर्च केला. १९१३ साली डॅनी शे या खेळाडूसाठी दोन हजार पौंड मोजले, तो त्या वेळचा विक्रम. १९१२ आणि १९१४ अशी दोनदा लीग जिंकली. त्या दोन हजार पौंडांत आपल्याकडच्या धोतरांचा थोडाफार वाटा असणारच.

दुसरीकडे १९०५ च्या ऑक्टोबरात पुण्यात परदेशी कापडाची होळी झाली. टिळक, सावरकर, बंगालच्या फाळणीचा निषेध, हे सगळं आपण शाळेत शिकलो. त्या होळीची झळ कुणाला लागली, हे मात्र आपण शिकलो नाही. पुढे असहकार आणि बहिष्कार वाढत गेले, इथल्या गिरण्याही वाढल्या, आणि १९३० च्या सुमारास लँकेशायरमधल्या गिरण्या धडाधड बंद पडू लागल्या. १९३१ साली गांधीजी गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले तेव्हा मुद्दाम लँकेशायरला जाऊन आले. डार्वेनला राहिले, बेकार झालेल्या कामगारांना भेटले. गिरणीतल्या बायका त्यांच्याभोवती हसत उभ्या आहेत असा एक फोटो आहे, तो तुम्ही नक्की पाहिला असेल. तो डार्वेनचा. ईवूड पार्कपासून फार दूर नाही.

हे सगळं सांगायचं कारण एवढंच की, ज्या पुण्यात परदेशी कापड जाळलं त्याच पुण्यातली एक कंपनी एकशे पाच वर्षांनी ब्लॅकबर्नचा क्लब विकत घेते. इतिहासाला असे योगायोग जमतात. पण योगायोगापलीकडे एक गोष्ट ध्यानात ठेवा. गिरण्या गेल्यावर या गावाकडे जगाला सांगण्यासारखं जे उरलं, त्यात सगळ्यांत मोठं होतं क्लबचं नाव. सव्वा लाखाच्या आतबाहेर वस्ती. आणि असं गाव इंग्लंडच्या पहिल्या विभागात खेळतंय.

गावचा मालक

हे नाव पुन्हा उजळलं ते जॅक वॉकर यांनी. ब्लॅकबर्नमध्येच जन्मलेला माणूस. वडिलांच्या छोट्या पत्र्याच्या धंद्यातून भावासोबत पोलादाचा मोठा व्यवसाय उभा केला आणि १९८९ साली तो ब्रिटिश स्टीलला ३३ कोटी पौंडांना विकला. १९९१ च्या सुरुवातीला त्यांनी रोव्हर्स आपल्या हाती घेतला. तेव्हा क्लब दुसऱ्या विभागात चाचपडत होता.

वॉकर यांनी पहिलं मोठं काम केलं ते मॅनेजर निवडण्याचं. लिव्हरपूलला लीग जिंकून देणाऱ्या केनी डॅल्ग्लिश यांना १९९१ च्या ऑक्टोबरात आणलं. १९९२ मध्ये संघ वर गेला. त्याच उन्हाळ्यात ॲलन शिअरर हा तरुण आघाडीचा खेळाडू ३६ लाख पौंडांना घेतला, तो ब्रिटनमधला विक्रम होता. दोन वर्षांनी क्रिस सटनसाठी ५० लाख, पुन्हा विक्रम. मैदानाच्या तीन बाजूंचे स्टँड नवे बांधले. आणि १४ मे १९९५ रोजी, शेवटच्या दिवशी लिव्हरपूलमध्ये स्वतः हरूनही, रोव्हर्स प्रीमियर लीगचा विजेता झाला, कारण त्याच वेळी मँचेस्टर युनायटेडला लंडनमध्ये वेस्ट हॅमविरुद्ध बरोबरीवर समाधान मानावं लागलं.

बाकीच्या क्लबांचे चाहते म्हणाले, विजेतेपद विकत घेतलं. म्हणजे पुन्हा १८८३!

आता इथे जरा थांबा. वॉकर यांचे निर्णय सगळे बरोबर होते का? मुळीच नाही. विजेतेपदानंतर डॅल्ग्लिश यांना वरच्या पदावर बसवलं आणि त्यांचे सहायक रे हार्फर्ड मॅनेजर झाले. पुढच्याच हंगामात युरोपातल्या स्पर्धेत संघ गटात तळाला राहिला. १९९६ साली शिअररला न्यूकॅसलला दीड कोटी पौंडांना विकलं, तो तर जगातला विक्रम. त्यानंतरची खरेदी काही धड जमली नाही. आणि १९९९ साली, म्हणजे विजेतेपदानंतर चारच वर्षांत, हाच क्लब खालच्या विभागात घसरला. मालक तेच, पैसा तोच.

तरी गावानं वॉकर यांच्या विरोधात मोर्चे काढले नाहीत. २००० साली ते वारले तेव्हा गाव हळहळलं. आज मैदानाबाहेर त्यांचा पुतळा आहे. का बरं? आपण हा प्रश्न विचारलाच पाहिजे, कारण पुढच्या मालकांच्या बाबतीत नेमकं उलट झालं. वॉकर गावचे होते, हे एक उत्तर झालं. पण तेवढ्यानं भागत नाही. गावच्या मालकांनाही चाहत्यांनी पळवून लावल्याची उदाहरणं इंग्लंडमध्ये भरपूर आहेत. आम्हाला वाटतं, वॉकर चुकले तेव्हा ती चूक कुणाची हे गावाला दिसत होतं. माणूस समोर होता, मैदानात बसत होता, हरल्यावर त्याचा चेहरा पडलेला लोक बघत होते. निर्णय कोण घेतो, याबद्दल कुणाला शंका नव्हती.

पुण्याहून

वॉकर यांच्यामागे क्लब त्यांच्या कुटुंबाच्या विश्वस्त निधीकडे राहिला. २००१ मध्ये संघ पुन्हा वर आला, २००२ मध्ये लीग कप जिंकला. पण विश्वस्तांना क्लब कायम सांभाळायचा नव्हता. ते गिऱ्हाईक शोधत होते. आणि २०१० च्या नोव्हेंबरात वेंकीजनं क्लब घेतला, २ कोटी ३० लाख पौंडांना, वर क्लबच्या डोक्यावरचं कर्ज. प्रीमियर लीगमधल्या क्लबचे हे पहिले भारतीय मालक.

हे कुटुंब काही ऐरंगैरं नव्हे. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ साली हा व्यवसाय सुरू केला. देशातल्या अंडी उत्पादकांना एकत्र आणून भाव ठरवण्याचा अधिकार त्यांच्या हाती यावा म्हणून १९८२ मध्ये जी समिती उभी राहिली, तिच्यामागेही तेच. शेतकऱ्याला जोडधंदा देणारा माणूस म्हणून महाराष्ट्रात आणि आंध्रात त्यांना मान होता. १९९६ साली ते गेले. क्लब घेतला तो त्यांच्या मुलांनी, अनुराधा देसाई आणि त्यांचे भाऊ व्यंकटेश आणि बालाजी राव यांनी. धंदा कसा चालवायचा हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. फुटबॉल क्लब मात्र त्यांनी कधी चालवला नव्हता.

आता घटनाक्रम बघा. नोव्हेंबरात खरेदी. १३ डिसेंबरला मॅनेजर सॅम ॲलरडाइस यांची हकालपट्टी. संघ तेव्हा वीस क्लबांत तेरावा होता, म्हणजे काही बुडत नव्हता. त्यांच्या जागी आले स्टीव्ह कीन, जे आधी संघाचे प्रशिक्षक होते आणि ज्यांनी कुठल्याही क्लबचं मॅनेजरपद सांभाळलेलं नव्हतं. खरेदीच्या व्यवहारात मालकांना सल्ला देणाऱ्यांत जेरोम अँडरसन हे खेळाडूंचे एजंट होते, आणि कीन हे त्याच अँडरसन यांचे अशील. इंग्लिश वर्तमानपत्रांनी हे धरून ठेवलं. वर्षानुवर्षं क्लब चालवणारे अध्यक्ष जॉन विल्यम्स दोन-तीन महिन्यांत बाहेर पडले. एक जाहिरात आली, तीत ब्लॅकबर्नचे खेळाडू ड्रेसिंग रूममध्ये बसून चिकन खाताहेत. २०११ च्या उन्हाळ्यात क्लबच्याच तालमीत वाढलेला फिल जोन्स हा तरुण खेळाडू मँचेस्टर युनायटेडला विकला. आणि मग ती मे महिन्यातली कोंबडी.

पण खरा गोंधळ त्यानंतर झाला. २०१२-१३ च्या एकाच हंगामात संघ पाच जणांच्या हाताखाली खेळला. सप्टेंबरअखेर कीन यांनी राजीनामा दिला. एरिक ब्लॅक काळजीवाहू. मग हेनिंग बर्ग, जे १९९५ च्या विजेत्या संघातले खेळाडू, त्यांना तीन वर्षांचा करार देऊन आणलं आणि ५७ दिवसांत काढलं. मग गॅरी बोयर काळजीवाहू. मग मायकेल ॲपलटन, ते ६७ दिवस. मग पुन्हा बोयर.

बर्ग भरपाईसाठी न्यायालयात गेले. तिथे क्लबनं काय म्हटलं ठाऊक आहे? की असा करार देण्याचा अधिकारच आमच्या व्यवस्थापकीय संचालकाला नव्हता. न्यायालयानं ते ऐकलं नाही, बर्ग यांना साडेबावीस लाख पौंड मिळाले. मंडळी, आमच्या मते या सगळ्या इतिहासातलं सगळ्यांत महत्त्वाचं वाक्य हेच आहे. क्लबच न्यायालयात सांगतोय की आमच्याकडे निर्णय घेण्याचा अधिकार कुणाला आहे याचा आमच्यातच मेळ नाही. आपल्याकडे म्हणतात ना, उंटावरून शेळ्या हाकणं. इथे तर उंटावर नेमकं कोण बसलंय, हेच शेळ्यांना कळत नव्हतं.

चाहत्यांची तीन मतं

आता चाहते काय म्हणत होते ते बघू. बाहेरून आपल्याला वाटतं की चाहते म्हणजे एक जमाव, एकच घोषणा. तसं कधीच नसतं. ब्लॅकबर्नमध्ये ढोबळमानानं तीन मतं होती, आणि आजही आहेत.

पहिलं मत: मालकांनी निघून जावं. या मताच्या लोकांनी सभा घेतल्या, फलक धरले, स्टीव्ह कीन यांच्यावर तर इतकी शेरेबाजी केली की माणूस म्हणून त्यांची कीव यावी. २०१६ साली त्यांनी एक नामी निषेध केला. सामन्याच्या अठराव्या मिनिटाला मैदानात यायचं आणि पंचाहत्तराव्या मिनिटाला उठून जायचं. अठरा आणि पंचाहत्तर, १८७५, क्लबच्या स्थापनेचं साल. क्लब तुमच्या आधीपासून आहे, हे सांगण्याची ही पद्धत. आणि पुष्कळांनी काहीच न बोलता फक्त यायचं सोडलं. मालकी बदलली त्या हंगामात सरासरी पंचवीस हजारांच्या आसपास प्रेक्षक असायचे, २०१६-१७ मध्ये ते जेमतेम निम्मे उरले. त्याच हंगामाअखेर संघ तिसऱ्या विभागात घसरला, शेवटचा सामना जिंकूनही, केवळ गोलफरकानं. प्रीमियर लीग जिंकलेला क्लब इतक्या खाली जाण्याची ती पहिली वेळ.

दुसरं मत: जरा सबुरीनं घ्या. हे लोक म्हणतात, मालकांनी चुका केल्या खऱ्या, पण पळून गेले नाहीत. क्लबला दरवर्षी तोटा होतो आणि तो पुण्याहून भरला जातो. आजवर या कुटुंबानं २० कोटी पौंडांहून जास्त रक्कम घातली आहे. आपल्या हिशेबानं दोन हजार कोटी रुपयांच्या वर. २०१७ नंतर टोनी मोब्रे या मॅनेजरना त्यांनी पाच वर्षं टिकू दिलं, आणि पहिल्याच वर्षी संघ तिसऱ्या विभागातून वर आला. हे लोक शेजारच्या बरी गावाकडे बोट दाखवतात. तिथला क्लब एका माणसानं एक पौंडाला घेतला, पैसे संपले, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये लीगनं त्या क्लबला बाहेर काढलं. सव्वाशे वर्षांचं सभासदत्व एका दिवसात गेलं. बरी ब्लॅकबर्नपासून पंचवीस-तीस किलोमीटरवर. तर हे लोक विचारतात, उद्या पुण्याचा पैसा थांबला तर कोण देणार?

आणि हा प्रश्न कल्पनेतला राहिला नाही. परदेशी पाठवलेल्या पैशासंदर्भात भारतात चौकशी सुरू झाली आणि २०२३ पासून क्लबला पैसा पाठवायचा तर दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी घ्यायची वेळ आली. लँकेशायरमधला फुटबॉलवेडा माणूस दिल्लीतल्या न्यायालयाच्या तारखा बघायला लागला! त्याच काळात मॅनेजर वैतागले. २०२४ च्या फेब्रुवारीत योन डाल टोमासन गेले. त्यांच्या जागी आलेले जॉन युस्टेस वर्षभरात, संघ वरच्या जागांसाठी झगडत असताना, गुणतक्त्यात खाली असलेल्या डर्बीकडे निघून गेले. एखादा माणूस चढत्या घरातून उठून पडत्या घरात का जातो, हा प्रश्न चाहत्यांना पडणारच. २०२५ च्या उन्हाळ्यात महिला संघ दुसऱ्या विभागातून माघारी घेतला गेला. मालक पैसे देतात, पण कुठे आणि का थांबतात हे कळत नाही, ही तक्रार पुन्हा वर आली.

तिसरं मत थोड्या लोकांचं, पण आम्हाला ते सगळ्यांत मोलाचं वाटतं. ते म्हणतात, आम्हाला क्लब विकत घ्यायचा नाही, आणि मॅनेजर निवडायचा हट्टही नाही. फक्त निर्णय कोण घेतं ते सांगा. आणि वर्षातून एकदा आमच्यासमोर बसून त्या निर्णयाचं कारण सांगा.

दोन वह्या

इथे आपण जरा आपल्या अनुभवाकडे वळू. गावचं देऊळ घ्या. कळस सोन्याचा केला एखाद्या धनिकानं, गावानं त्याचं नाव दगडावर कोरलं. पण पालखी कुठल्या वाटेनं जायची, हे तो ठरवू लागला तर गाव ऐकेल का? कोल्हापुरात पाटाकडील, दिलबहार, खंडोबा अशा तालमींचे फुटबॉल संघ आहेत. तिथे संघ पेठेचा असतो. देणगीदार पुष्कळ असतात, पण ‘मालक’ हा शब्द कुणी वापरत नाही. ब्लॅकबर्नचा चाहता हेच सांगतोय, त्याच्या भाषेत.

म्हणून आम्हाला वाटतं, या वादात दोन वह्या वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. एक वही पैशाची. तीत वेंकीजची जमेची बाजू मोठी आहे, आणि ती नाकारणं हा अन्याय होईल. दुसरी वही जबाबदारीची. निर्णय कुणी घेतला, कुणाच्या सल्ल्यानं घेतला, आणि चुकला तर समोर कोण उभं राहिलं. या वहीत पुण्याच्या बाजूला फार थोडं लिहिलेलं आहे. वाद घालणारे काय करतात, एका वहीतली जमा दुसऱ्या वहीत दाखवतात. ‘एवढे पैसे दिले ना?’ असं म्हणून मॅनेजरचा प्रश्न मिटत नाही. आणि ‘मॅनेजर चुकीचा नेमला’ म्हणून दिलेले पैसे खोटे होत नाहीत.

दुसऱ्या देशांनी यावर उपाय काढले आहेत. जर्मनीत १९९८ पासून नियम आहे की क्लबातली बहुमताची मतं सभासदांकडेच राहावीत. अपवाद आहेत, पळवाटाही आहेत, पण तत्त्व तेच. इंग्लंडनं वेळ लावला. मधल्या काळात कार्डिफ या क्लबच्या मालकानं २०१२ साली संघाचा निळा सदरा बदलून लाल केला, चाहत्यांनी तो २०१५ मध्ये परत निळा करायला लावला. शेवटी २०२५ च्या जुलैमध्ये तिथे फुटबॉल कारभाराचा कायदा झाला. स्वतंत्र नियामक आला. मालक लायक आहे का, त्याच्याकडे पैसा आहे का, हे तो तपासणार. क्लबचं चिन्ह, सदऱ्याचे रंग, मैदान, या गोष्टींत चाहत्यांना विचारावं लागणार. मॅनेजर नेमण्याचा अधिकार मात्र मालकाकडेच राहिला. आमच्या मते तो राहावाच. पंचवीस हजार माणसांनी मतदान करून संघ चालत नाही. पण निर्णयाचं कारण विचारणं आणि निर्णय घेणं, या दोन गोष्टींत अंतर आहे.

बालेवाडीचा सामना

शेवटी पुण्यात येऊन थांबू.

२०११ च्या ऑक्टोबरात ब्लॅकबर्न रोव्हर्सचा संघ पुण्यात आला होता. बालेवाडीच्या क्रीडासंकुलात मैत्रीपूर्ण सामना झाला. समोर होता पुणे एफसी, अशोक पिरामल समूहाचा क्लब, २००७ साली सुरू झालेला. त्या वेळी इंग्लंडमध्ये बोंब झाली की हंगाम ऐन भरात असताना मालक संघाला जाहिरातीसाठी पुण्याला नेतात. पुण्यात काहींनी हौसेनं सामना पाहिला आणि विषय संपला.

पुढे काय झालं बघा. पुणे एफसी चांगला खेळत होता, २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये दुसरा आला. २०१५ मध्ये मालकांनी क्लबमधून अंग काढून घेतलं. संघ संपला. नंतर इंडियन सुपर लीगमधला एफसी पुणे सिटी होता, २०१९ मध्ये तोही गुंडाळला आणि त्याची जागा हैदराबादला गेली. गोव्यात पाच वेळा देशाची लीग जिंकलेला धेंपो २०१६ मध्ये राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडला. यातल्या किती गोष्टींसाठी आपण रस्त्यावर आलो? किती जणांनी अठराव्या मिनिटाला मैदानात पाऊल टाकलं? पुण्यात दोन क्लब आठ-नऊ वर्षांच्या आत आले आणि गेले, आणि आपल्यापैकी बहुतेकांना त्याची बातमीही नीट आठवत नाही.

बालेवाडीवर त्या दिवशी दोन संघ उभे होते. एकाचे चाहते गेली पंधरा वर्षं मालकाशी भांडताहेत. त्यांनी टोमणे मारले, कोंबडी सोडली, मैदानं रिकामी ठेवली. तो क्लब आज जिवंत आहे. दुसऱ्याच्या मालकाला कुणीच काही विचारलं नाही. तो क्लब आज नाही.

भांडणामुळे क्लब वाचला, असं आम्ही म्हणणार नाही. तो वाचला त्यात पुण्याहून गेलेल्या पैशाचा हात मोठा आहे, आणि ते ब्लॅकबर्नच्या लोकांनीही कधीतरी मोकळेपणानं म्हणावं. पण ऑलिंपिक १८८९ साली गेला तेव्हा ब्लॅकबर्न गाव जे शिकलं, ते आपण अजून शिकायचं आहे. मालक हा आज आहे, उद्या नसेल. तो असतानाच त्याला विचारावं लागतं.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा, आणि आमचं म्हणणं पटलं नसेल तर आधी ते सांगा.